कुंड्या हलवाव्या लागतात

नर्सरीत येणारा प्रत्येक माणूस झाड घ्यायला येत नाही. काही जण नुसते यायला म्हणून येतात. दारातून आत शिरतात, जास्वंदीच्या रांगेतून पार मागच्या टाकीपर्यंत जातात, चार पानांना हात लावतात, सावलीत जरा टेकतात आणि निघताना संकोचानं एखादं रोपटं उचलतात. सुरुवातीला मला वाटायचं, भाव पाडण्यासाठी ही मंडळी वेळ काढतायत. मग माझ्या बायकोनं मला शहाणं केलं. ती म्हणाली, "अहो, त्यांना फिरायला जागा नाही. तुम्ही बाग चालवताय, आणि तुम्हालाच ठाऊक नाही."

माझं नाव बशीर. गिऱ्हाइकं बशीरभाई म्हणतात. आजोबा मंडईच्या मागच्या बाजूला गुलाबाची कलमं टोपलीत घेऊन बसायचे. वडिलांनी येरवड्याच्या पुढे भाड्याच्या जागेत नर्सरी टाकली. तिथे इमारती आल्या, म्हणून मी विश्रांतवाडीला आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला गेलो. नर्सरीवाल्याची जमीन सहसा स्वतःची नसते. मालकाचं विकायचं की नाही हे ठरत नसतं, तेवढ्या मधल्या काळापुरती तो ती आम्हाला देतो. आम्ही बोअरला मोटर लावतो, शेडनेट ताणतो, माळावर हिरवं दिसायला लागतं. मग त्या हिरव्याकडे बघून कोणीतरी शेजारची जमीन घेतो, जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं छापतो आणि काही दिवसांनी आम्हाला निरोप येतो. शहर आपल्या मागून चालत येतं, असं वडील म्हणायचे. मला तर ते कायम पळत येतानाच दिसलं.

मी जात्याच काळजीखोर माणूस आहे. पाऊस लांबला की मला काळजी, पडला की जास्त काळजी. दाराशी कोणी टेप घेऊन उभा राहिला, मग तो केबलवाला का असेना, की मी हातातलं टाकून मोजणी कसली ते विचारायला धावतो. त्यामुळे या लेखात कुठे हसू आलं, तर ते माझ्यामुळे नाही, सबनीस काकूंमुळे आलंय असं समजावं.

सबनीस पती-पत्नी आमच्या नर्सरीसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. अजूनही तिथेच राहतात. आधी सदाशिव पेठेत होते, जागा अपुरी पडली म्हणून इकडे आले. काका भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे. काकू शाळेत शिवण शिकवायच्या. दोघं रोज दुपारी चहानंतर यायची, काका सगळ्या रांगा हिंडायचे आणि जाताना काकू एक तुळस घ्यायच्या. रोज एक तुळस. एकदा न राहवून मी विचारलं, "काकू, एवढ्या तुळशी लावता तरी कुठे?"

"खिडकीत. एक मेली की दुसरी."

"मरतात का पण?"

"आमच्या खिडकीत ऊन येत नाही बशीरभाई. मागच्यांची गच्ची येते." मग पिशवी सावरत म्हणाल्या, "आणि तुम्ही तिकीट लावलेलं नाहीत, म्हणून ही तुळस. फुकट बागेत फिरायची आम्हाला सवय नाही."

त्यांनी खऱ्या बागेत का जाऊ नये, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. बाग आहे की. पण ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. तो रस्ता ओलांडताना मीही दोनदा मागे फिरतो. शिवाय बाग दुपारी बंद असते, आणि काकांची वेळ नेमकी दुपारची. आसपास नव्या सोसायट्यांच्या बागा आहेत, सुरेख आहेत, त्यातल्या काही मीच केल्या आहेत. त्यांच्या फाटकावर लिहिलेलं असतं, 'फक्त रहिवाशांसाठी'. ती पाटी मी लावत नाही, पण तिच्याखालची फुलझाडं मी लावतो.

काकांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी नावं गेली, मग दिवस, मग आपण जेवलो की नाही हे. दुपारी त्यांचा जीव घरात घाबराघुबरा व्हायचा. कामावर जायला उशीर झालाय असं त्यांना वाटायचं आणि ते दाराची कडी काढत राहायचे. काकू एकदा हे सांगताना नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "नोकरीत असताना इतकी घाई कधी केली नाही." पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

नर्सरीत आले की मात्र काका शांत व्हायचे, कारण तिथे त्यांना काम सापडलं होतं. ते काम जरा समजावून सांगतो. कुंडीला किंवा पिशवीला खाली भोकं असतात, पाणी निघून जायला. रोप एका जागी फार दिवस राहिलं की त्या भोकांतून त्याचं मूळ बाहेर येतं आणि खालच्या जमिनीत शिरतं. वरून झाड टवटवीत दिसतं, आपण खूश होतो. पण गिऱ्हाईक आलं आणि कुंडी उचलायला गेलं, तर ती उचलत नाही. ओढून काढली तर मूळ तुटतं, आणि झाड आठवड्यात मान टाकतं. म्हणून नर्सरीत कुंड्या सतत हलवत राहायच्या असतात. जरा उचलायची, फिरवायची, वीतभर बाजूला ठेवायची. कंटाळवाणं काम, माळी टाळतात. आमचा जुना माळी सोपान, लोहगावच्या पलीकडच्या गावचा, त्यानं हे काम एक दिवस काकांच्या हातात दिलं. "काका, ह्ये बगा, अशी उचलायची आन् फिरवायची. तुमच्याबिगर कोन हाय इथं करनारं?"

काकांनी ते असं काही उचललं की विचारू नका. कुंडी उचलून खाली बोट फिरवून बघायचे, मूळ आलंय का. मग ती शेजारच्या कुंडीशी अशी जुळवायचे की रांग सुतात यावी. एक डोळा मिटून रांगेकडे बघायचे. बायकोचं नाव विसरणारा माणूस, पण कुंडी तसूभर वाकडी गेली तर त्याला खपायचं नाही. आमच्या रांगा एवढ्या सरळ तोपर्यंत कधीच नव्हत्या. आणि रोज निघताना मला विचारायचे, "उद्या उघडं आहे ना?" मी म्हणायचो, "आहे की काका." दुकानदाराला या प्रश्नाचं उत्तर देताना विचार करावा लागत नाही. तेव्हा लागत नव्हता.

आता एका वडाविषयी सांगायला हवं, कारण तो पुढे येणार आहे. वटपौर्णिमा जवळ आली की दरवर्षी मला नव्या सोसायट्यांमधून फोन यायचे. "बशीरभाई, आमच्याकडे एक वड लावून द्या." सोसायटीची बाग जमिनीवर नसते, गाड्या ठेवायच्या मजल्याच्या छतावर असते. तिथे वड लावायचा म्हणजे घरात हत्ती बांधायचा. मी नको म्हणायचो, तर बायका फांद्या विकत आणून पूजायच्या, आणि त्यासाठी कुठला तरी खरा वड बोडका व्हायचा. म्हणून मी एका कापलेल्या पिंपात वड वाढवला. चांगला डेरेदार, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा. वटपौर्णिमेला तो टेम्पोत चढवायचा आणि या सोसायटीतून त्या सोसायटीत न्यायचा. विश्रांतवाडीहून निघून पार कात्रजपर्यंत गेलो आहोत आम्ही एकदा. बायका सात फेरे घालायच्या, दोरा गुंडाळायच्या, मग टेम्पो पुढे. एका ठिकाणी दोरा बघून एक बाई म्हणाल्या, "अहो, याला आधीच कोणीतरी फेरे मारलेत की!" मी काय बोलणार? मी मुसलमान माणूस, पारोसा वड चालतो की नाही हे मला कुठून माहीत असणार! टेम्पोतून सोपाननंच तोंड घातलं, "ताई, यष्टीत शीट मिळतंय तवा आधी कोन बसलं व्हतं इचारता का?" बाई हसल्या आणि सात फेरे झाले.

वर्षाचे बाकीचे दिवस तो पिंपातला वड टाकीजवळ उभा असायचा आणि काकांची खुर्ची त्याच्याखाली असायची. काका सगळ्या कुंड्या हलवायचे, पण पिंप त्यांना हलत नव्हतं. पुढे वड जड झाला आणि दोन-तीन वटपौर्णिमा त्याची फेरी बंद राहिली, तरी आम्हीही ते मनावर घेतलं नाही.

मग जागेच्या मालकाचा निरोप आला. गृहस्थ भला होता, स्वतः आला, चहा घेतला. म्हणाला, "बशीरभाई, आता काय खरं न्हाई. पोरं ऐकत न्हाईत. दिवाळीपत्तुर बगा कुटं तरी." मला नवी जागा मिळाली ती वाघोलीच्याही पलीकडे. माझं काही अडणार नव्हतं. नर्सरीवाल्याला उचलून जायची सवय असते. पण मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो, की समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं काय. काकूंना सांगायचं मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "रांगा विरळ व्हायला लागल्यात. विकलं जातंय की जाताय?"

"जातोय, काकू."

त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाल्या, "बरं झालं. तुळशींना आता घरी निवांत मरता येईल, रोज नवीन सवत यायची." आणि पहिल्यांदाच तुळस न घेता गेल्या.

शेवटी पिंप उचलायची वेळ आली, तर ते हलेना. वडानं भोकातून मूळ सोडून केव्हाच जमीन धरली होती. मनगटाएवढं जाड मूळ. सोपाननं कुऱ्हाड आणली. काका तिथेच होते. त्यांनी सोपानचा हात धरला आणि म्हणाले, "अहो, लागलंय ते. लागलेलं काढू नका." सोपान माझ्याकडे बघायला लागला. मी काकूंना खूण केली, त्या काकांना घेऊन गेल्या आणि मग आम्ही मूळ तोडलं. तो वड जगला, पण पुढचं वर्षभर त्याला नवं पान नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. प्लॉटला भोवती निळे पत्रे लागले. काका दुपारी खाली उतरायचे, रस्ता ओलांडून पत्र्याला हात लावून उभे राहायचे. कधी पत्रा वाजवायचे, दार उघडा म्हणून. आतून डंपर ये-जा करायचे. काकू मला वाघोलीला फोन करायच्या, तक्रार म्हणून नाही, कोणाला तरी सांगायचं म्हणून. "अहो बशीरभाई, हे पत्र्यापाशी आहेत. मी शेजारी उभी आहे. डंपरवाल्यानं आता आम्हाला ओळखायला सुरुवात केलीय, हॉर्न हळू वाजवतो."

आणि एके दुपारी काकूंचा डोळा लागला असताना काका एकटे बाहेर पडले. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मी टेम्पो घेऊन निघालो. तो सबंध रस्ता मी डंपरच्या चाकांकडे बघत आलो. काका सापडले ते पत्र्यांच्या आत, खोदलेल्या खड्ड्याच्या काठावर. कामगारांनी त्यांना सिमेंटच्या गोणीवर बसवलं होतं, पाणी दिलं होतं. मला बघून म्हणाले, "एवढा मोठा खड्डा कशाला? कुठलं झाड लावणार आहात?"

त्या दिवसापासून काकूंनी दाराला आतून कुलूप लावायला सुरुवात केली. किल्ली पदराला. एकदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला आत घेतलं, परत कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "बसा. आता आपण तिघं कैदी." काका कडीशी उभे होते, हळूहळू ती वर-खाली करत होते. दार काही उघडत नव्हतं.

माझ्या मुलीनं, नसरीननं, बागा आखण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. धंदा आता तीच बघते. इमारत उभी राहिल्यावर तिला एक काम मिळालं, पोडियमवरची बाग आणि पुढची देखभाल. पत्ता सांगितल्यावर मी म्हणालो, "अगं, ही तर आपली जागा."

"माहितीये अब्बा. म्हणून तर मी कमी कोट केलं. पण प्लीज, साइटवर येऊन इमोशनल नका होऊ. आधी लोड बघायचाय."

मी गेलो. पोडियम म्हणजे हेच, गाड्यांच्या मजल्याच्या छतावरचं अंगण. खाली गाड्यांचे मजले, त्यावर स्लॅब, स्लॅबवर पाणी झिरपू नये म्हणून लेप, त्यावर पाणी वाहून नेणारे प्लॅस्टिकचे साचे, त्यावर कापड, आणि मग आमची माती. तीही खरी माती नव्हे. खरी माती जड असते, म्हणून नारळाचा भुसा मिसळून हलकी केलेली. ती गुडघाभरच. एवढ्यात लॉन येतं, पाम येतात, चाफा कसाबसा येतो. चिंच, कडुनिंब यांचं नाव काढायचं नाही. सोळाव्या मजल्यावरून बघितलं की मात्र सगळं हिरवंगार दिसतं. मी स्लॅबवर फिरून अंदाज घेत होतो, टाकी कुठे असेल, जास्वंदीची रांग कुठे असेल. तीन मजले खाली, पण तिथेच.

इथे फ्लॅट घेतलेल्या बायकांनीही वड मागितला. नसरीननं वाघोलीहून पिंप आणवलं आणि बरोबर खांबाच्या डोक्यावर ठेवलं, कारण स्लॅबवर जड वस्तू ठेवायची तर खाली खांब हवा. तो खांब नेमका आमच्या टाकीच्या बाजूलाच आला होता. मुद्दाम केलं का, असं मी तिला विचारलं नाही.

काम चालू असतानाच एका दुपारी फाटकावर आवाज चढलेले ऐकू आले. मी कठड्यावरून खाली बघितलं. सबनीस काका आणि काकू. काका आत येऊ बघत होते, वॉचमन आडवा. "काका, यहाँ कोई नर्सरी नहीं है. आप गलत जगह आए हो."

"इथेच आहे," काका म्हणत होते. "मला काय वेड लागलंय? नर्सरी इथेच आहे."

वॉचमन काकूंकडे बघून डोक्याजवळ हात फिरवत हसला. त्याचं चुकलं असं नाही, तो नवा होता. काकू खाली मान घालून काकांचा हात ओढत होत्या. मला आयुष्यात क्वचित इतका राग आला असेल, आणि तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. सगळ्या रस्त्यावर त्या वेळी खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच लोक खुळा म्हणत होते. मी धावत खाली गेलो आणि वॉचमनला म्हणालो, "ये हमारे आदमी हैं. माली हैं."

वॉचमननं त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. "माली?"

"कुंड्यांचं काम करतात."

सोसायटीत आजकाल कामाची बाई आली तरी मोबाइलवर नोंद लागते. नसरीननं काकांचं नाव आमच्या माणसांत घातलं, आणि काकूंचंही. दुसऱ्या दिवशी काकू दोन हिरवे अंगरखे शिवून घेऊन आल्या, आमच्या माळ्यांसारखे, खिशासकट. काकांना तो घालताना मला म्हणाल्या, "लग्नात माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलाला बढती आहे का. आता सांगायला ते नाहीत." मग स्वतःचा अंगरखा चढवला आणि म्हणाल्या, "आणि शिवणाची बाई शेवटी माळीण झाली."

काका वर आले, वडाजवळ गेले, पिंपाच्या कडेवरून हात फिरवला आणि शेजारच्या पामची कुंडी उचलून खाली बोट फिरवून बघितलं. त्या दिवसापासून घराचं कुलूप सुटलं. आता दर महिन्याला सोपान आणि दोन माणसं पहार घालून पिंप जरा फिरवतात, काका बाजूला उभे राहून ते सुतात आलंय का बघतात. निघताना माझ्याकडे वळून विचारतात, "उद्या उघडं आहे ना?"

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माणसं राहायला आली, सोसायटीची कमिटी झाली. सेक्रेटरी मॅडम तरुण आहेत, आयटीत आहेत, स्वभावानं चांगल्या. त्यांनी एकदा मला बाजूला घेतलं. "सर, एक सेन्सिटिव्ह गोष्ट आहे. ते जे अंकल आहेत ना, ते स्टाफ नाहीत, राइट?"

मी म्हणालो, "कुंड्या तेच हलवतात."

"ते मी पाहिलंय. माझी मुलगी त्यांच्याबरोबर रांगा लावते, तिला आवडतात ते. पण ग्रुपवर मेसेजेस आलेत. किड्स एरियाजवळ एक आजारी माणूस रोज असतो, बाहेरचा. काही झालं तर रिस्पॉन्सिबल कोण? आणि आज एकाला आत घेतलं, तर उद्या सगळा एरिया येईल."

येऊ दे की, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचंही खरं होतं. एवढीशी गुडघाभर मातीची बाग, तिच्यावर सगळी विश्रांतवाडी चालली तर लॉन आठवडाभर टिकणार नाही. जागाच कमी ठेवली, मग भांडण माणसामाणसांत लागतं. हे मला त्या क्षणी कळत होतं.

त्यातच पावसाळ्यात खाली गाड्यांच्या मजल्यावर ओल आली. नेमकी वडाच्या खालच्या खांबाला. प्लंबर म्हणाला नळीचा सांधा गेलाय, कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले वडाचं मूळ उतरलंय. आम्ही सगळ्यांसमोर पिंप कलतं केलं. खाली मूळ दिसलं नाही, नुसता ओला गोल उमटला होता. पण लेपाच्या आत काय चाललंय हे कोणाला दिसणार? मलाही छातीठोकपणे सांगता येईना. वड आहे तो. त्याला एकदा जमीन सापडली होती, आणि ती जमीन अजून त्याच्या बरोबर खाली आहे.

मिटिंग झाली. मला बोलावलं होतं. देखभालीचं काम दुसऱ्या कंपनीकडे द्यावं, असा एक विचार निघाला. त्यांची माणसं ओळखपत्रं लावलेली असतात, पोलिसांकडून तपासलेली असतात. वड काढून टाकावा आणि वटपौर्णिमेला ज्यांनी त्यांनी आपापलं बघावं, असा दुसरा. सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या, घाई नको, दिवाळीनंतर फायनल करू. मला वाटतं त्यांनी आमच्यासाठी एवढंच करता येण्यासारखं होतं, ते केलं. घरी येताना नसरीन म्हणाली, "अब्बा, वर्स्ट केस, आपण त्यांना वाघोलीला आणू या. रोज गाडी पाठवू." मी हो म्हणालो. पण वाघोलीच्या आमच्या प्लॉटच्या कोपऱ्यावरच्या दगडावर परवाच कोणीतरी लाल रंगानं खूण करून गेलंय. सोपानला विचारलं तर म्हणाला, "मोजनीवाले हुते जनू." मी नसरीनला अजून ते सांगितलेलं नाही.

हा लेख छापून तुमच्या हातात येईल तेव्हा दिवाळी असेल. कंदील लागलेले असतील आणि त्या पोडियमवर मुलं भुईचक्र लावत असतील. कमिटीचा निर्णय तोवर झालेला नसेल. काल संध्याकाळी मी तिथे होतो. काकांनी सगळ्या कुंड्या फिरवल्या, रांगेकडे एक डोळा मिटून बघितलं, अंगरख्याला हात पुसले. फाटकापाशी येऊन मला विचारलं, "उद्या उघडं आहे ना?"

"आहे की काका," मी म्हणालो.

ते समाधानानं पुढे झाले. वॉचमन आता त्यांना सलाम करतो, तो घेत रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. काकू मागे रेंगाळल्या. अंगरख्याची घडी हातावर घालून माझ्याजवळ आल्या. आता त्या काहीतरी टोला मारणार असं वाटून मी हसायच्या तयारीत होतो. पण काकांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खरंच उघडं आहे ना हो?"

त्यांनी मला असं आजवर कधी विचारलं नव्हतं. मी रस्त्याकडे बघितलं. काका अलीकडे थांबून आमची वाट बघत होते.

"उद्याचं आहे, काकू," मी म्हणालो. "उद्याचं नक्की आहे."